विंग्ज ठीक, फ्राइज उपासाला चालत नाहीत, पण बसायचं तर मागच्या खोलीतच

तीन स्टार देतोय. एक फ्राइड पिकल्सला आणि दोन मागच्या खोलीत बसणाऱ्या माणसांना. सर्व्हिसला द्यायला काही उरलं नाही.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत, आणि मालक तसा भला वाटला, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. कोलंबसच्या उत्तरेकडं एका जुन्या स्ट्रिप मॉलमध्ये, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणाऱ्याचं ऑफिस आणि मधे हा स्पोर्ट्स बार. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळलं. बाकीच्यांनी एवढंच समजा की ओहायोत असल्या जागा पैशाला पासरी आहेत, सगळीकडं भिंतीवर तीच लाल-करडी जर्सी, तोच स्टेडियमचा जुना फोटो, आणि जिथं जिथं इंग्रजी एम अक्षर येईल तिथं त्याच्यावर लाल फुली. मिशिगनचा एम म्हणून, ते ओहायो स्टेट कॉलेजचे जुने वैरी. मेन्यूवर मोझरेला स्टिक्सच्या एमवरपण फुली मारलेली होती, मला आधी वाटलं ती डिश संपली.

दिवस होता १० जानेवारी २०२५, शुक्रवार संध्याकाळ. कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा तो) प्लेऑफची, म्हणजे बादफेरीची, सेमीफायनल, कॉटन बोल नावाची, ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस, आणि मॅच टेक्ससातच, आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर. बारा टीमची प्लेऑफ पहिल्यांदाच त्या सीझनला झाली, त्याआधी चारच टीम असायच्या. जे तिकडं सांगली-मिरजेत बसून वाचतायत त्यांनी 'कॉलेजच्या पोरांची मॅच' म्हणून हसू नका. ह्या कॉलेजच्या घरच्या मैदानावर लाखाच्या वर माणूस बसतो आणि मॅचच्या दिवशी आमच्याकडं दूध आणायला जायचं तरी वेळ बघून जावं लागतं.

माझी पोरगी, वय वर्षं पंधरा, हिला ह्या खेळातलं सगळं कळतं. मला नऊ वर्षं इथं राहून निम्मं कळतं. मी कबड्डीवाला, तालुक्यापर्यंत खेळलेला, डावा कोपरा. हे पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

आता गोची अशी की त्या दिवशी एकादशी. पुत्रदा एकादशी. खरं बघितलं तर तिथी भारतात शुक्रवारी सकाळी संपली, म्हणजे आमच्याकडं ती गुरुवारी रात्रीच उरकली होती, पण आमच्या घरात तिथी इथल्या घड्याळावर चालत नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयवर चालते, आणि त्याच्यावर आईची देखरेख असते. मॅच सुरू व्हायच्या वेळेला तिचा फोन. तिकडं शनिवारची पहाट, ती उपास सोडायच्या तयारीत, आणि मला विचारतीय, "तू काय खाल्लंस आज? साबुदाणा केला होता का तिनं?" मी विंग्जच्या, म्हणजे कोंबडीच्या पंखांच्या, दुकानात उभा राहून हो म्हणालो. केला होता, सकाळी. खोटं नाही बोललो.

तर जेवणाबद्दल. उपास असणाऱ्या माणसाला अशा जागी एकच आधार, बटाटा. फ्राइज मागवल्या, सात डॉलर, टोपली भरून आल्या, रंगसुद्धा चांगला, बाहेरून कडक. दोन तोंडात टाकल्या आणि मग मला सुचलं की विचारावं. वेट्रेसला विचारलं, हे कशात तळता? ती म्हणाली, फ्रायरमध्ये. मी म्हणालो ते कळलं, विंग्ज पण त्याच्यातच का? ती म्हणाली हो, म्हणून तर चव येते. झालं. टोपली पोरीकडं सरकवली. ह्याच्यात तिची चूक काही नाही, पण मेन्यूवर फ्राइजच्या शेजारी हिरवं पान छापलंय ओ तुम्ही, शाकाहारी म्हणून! ते पान काढा तरी किंवा एक वेगळी कढई ठेवा. कोलंबसमध्ये आता आपली माणसं काही थोडी नाहीत, निदान गुजराती गिऱ्हाइकाचा तरी विचार करा.

मग मी रात्रभर काय खाल्लं तर सेलरी. विंग्जबरोबर येणारी ती कच्ची दांडी. पोरीच्या प्लेटमधली, आणि नंतर आख्ख्या टेबलानं आपापली मला दिली, ते पुढं येतं.

पोरीच्या मते फ्राइड पिकल्स एक नंबर. पातळ चकत्या, जाड वेटोळी नव्हे, आणि आवरण सुटून हातात येत नाही. विंग्जचं मी स्वतः सांगू शकतो कारण नंतर २० तारखेला परत गेलो तेव्हा खाल्ल्या. मोठ्या आहेत, रसदार आहेत, पण 'हॉट' म्हणतात ते तिखट नाही, आंबट आहे. आपल्या घरच्या लसणाच्या चटणीची एक चिमूट ह्यांच्या अख्ख्या बादलीला भारी पडेल. रँचचं बारकं वाटीभर सॉस एकदाच फुकट, दुसऱ्यांदा पाऊण डॉलर. हा चिंधीपणा.

बसायचं कुठं हा खरा मुद्दा. पुढच्या हॉलमध्ये मोठा बार, दहा-बारा टीव्ही, सगळी गर्दी तिथं. पोर बरोबर असेल तर काउंटरला बसू देत नाहीत, त्यामुळं आम्हाला मागं पाठवलं. मागची खोली म्हणजे पूर्वी कोठीची खोली असावी, एक लांब टेबल, बाजूला तीन बारकी, एकच टीव्ही, हीटर एका कोपऱ्यात ढणढण आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुम्ही जॅकेट घालून बसा. मी तोंड वाकडं करूनच आत गेलो.

आणि त्या टीव्हीत एक भानगड होती. पुढचे टीव्ही केबलवर, मागचा स्ट्रीमिंगच्या ॲपवर. माझा धंदाच कॉम्प्युटरचा असल्यामुळं मला हे लगेच कळलं, स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे तुकडे पाडून पाठवतात आणि तुमचा टीव्ही थोडे तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो, म्हणजे मधे नेट लटकलं तरी चित्र थांबू नये. त्याच्यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. एरवी कुणाला फरक पडत नाही. पण भिंतीच्या पलीकडं पन्नास माणसं तीच मॅच वीस-पंचवीस सेकंद आधी बघत असतील तर काय होतं? तर असं होतं की तुमच्या टीव्हीवर टीम अजून रिंगण करून उभी आहे, बोलतीय, आणि भिंतीपलीकडून आरोळी येते. गेली मजा.

पहिल्या अर्ध्यात हे फार लागलं मनाला. ओहायो स्टेटनं पहिल्याच ड्राइव्हला, म्हणजे चेंडू पहिल्यांदा हातात आल्या आल्या, टचडाऊन केला होता (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला होता), सात-शून्य. हाफ संपायला अर्धं मिनिट राहिलं असताना टेक्ससनं बरोबरी केली, खोलीत सुतक, आणि तेवढ्यात पलीकडं छप्पर उडाल्यासारखा आवाज. आमच्याकडं तर अजून टेक्ससवाले मिठ्या मारतायत. मग दिसलं, लगेचच्या पहिल्याच प्लेला आमच्या हेंडरसनला आखूड पास दिला आणि तो ७५ यार्ड पळत गेला. चौदा-सात. सुंदर प्ले, आणि आम्हाला तो शिळा मिळाला. मी उठून मॅनेजरला सांगून आलो की ह्याच्यावर केबल लावा. तो म्हणाला बघतो. 'बघतो' म्हणजे काय हे जगात सगळीकडं सारखंच.

लांब टेबलावर आठएक जण होते, त्यातले दोघं-तिघं एकमेकांना ओळखणारे आणि बाकी आमच्यासारखे मागं ढकललेले. मधोमध एक सत्तरीचा म्हातारा, कधीकाळी हायस्कूलच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा, सगळे त्याला कोच म्हणत होते. आम्ही दोघं आपसात कोच काका म्हणायला लागलो. तो पुढच्या हॉलमध्ये बसतच नाही म्हणे, तिथं सगळे चेंडू बघतात असं त्याचं म्हणणं. आणि टोकाला एक टेक्ससवाला, ह्या गर्दीत एकटा, भगव्याला लागून असलेल्या त्या भाजक्या केशरी रंगाची हुडी घालून. हिंमत बघा. त्याच्याही कडेवर पोर होतं म्हणून तोही मागं.

काकानं पोरीला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की चेंडू बघू नको. चेंडू शेवटी कुठं जातो ते कॅमेरा दाखवतोच. तू बघायचीस लाईन, समोरासमोर वाकून उभे असतात ते. कुणाची कंबर खाली आहे, कोण आधी उठतो, कोण मागं ढकलला जातो. मी तिथंच खुर्ची पुढं ओढली. कारण आमचे सर कबड्डीत शब्दशः हेच सांगायचे, चढाईवाल्याच्या हाताकडं बघू नको रं, हात खोटं बोलतो, कंबर बघ.

तोवर विंग्ज खाऊन झाल्या होत्या, तर काकानं हाडं पुढं घेतली. चार हाडं म्हणजे ओहायो स्टेटची डिफेन्सची, अडवणाऱ्यांची, लाईन. दोन टोकांना जॅक सॉयर आणि टुइमोलोआऊ, मधे दोन जाडजूड, टायलीक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन. पाच सेलरीच्या दांड्या म्हणजे टेक्ससची लाईन. केचपची बाटली त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा. रँचच्या वाट्या आमचे मागचे सेफ्टी, म्हणजे शेवटचे राखणदार, त्यातली एक केलेब डाऊन्स, तो आदल्या वर्षापर्यंत अलाबामात होता. मी एकादशीचा माणूस, माझ्या पुढ्यात कोंबडीच्या चार हाडांची लाईन मांडलेली, आणि मी ती मन लावून बघतोय. आईनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती ते जाऊ द्या.

काकाचं म्हणणं असं की ही चारही पोरं आदल्या वर्षीच एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकली असती, पैसा होता, पण मिशिगनकडून लागोपाठ हरलेली, म्हणून अजून एक वर्ष राहिली. आणि तरी त्या नोव्हेंबरात काय झालं? ३० तारखेला घरच्या मैदानावर मिशिगनकडून तेरा-दहा. हरायचं काही कारण नव्हतं, डिफेन्सनं सगळी मिळून तेराच दिली होती, पण ऑफेन्सला, म्हणजे चेंडू पुढं नेणाऱ्यांना, दहाच्या वर जाता येईना. त्या आठवड्यात गावात लोक रायन डे ह्या कोचला हाकला म्हणून बोंबलत होते. माझ्या ऑफिसात तर एकानं सुतकातल्यासारखं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं.

मग प्लेऑफ लागली आणि टीमच बदलल्यासारखी. टेनेसीला ४२-१७, मग रोझ बोलमध्ये ओरेगनला ४१-२१. ओरेगन म्हणजे तीच टीम जिच्याकडून ऑक्टोबरात ३२-३१ असे एका पॉइंटनं हरलो होतो. त्या ऑक्टोबरच्या मॅचला मागची फळी उघडी पडली होती, लांब लांब पास बसले होते. जिम नोल्स, तेव्हाचा डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, त्यानं त्यानंतर रचना बदलली असं सगळेच म्हणतात, आणि रोझ बोलला त्याच क्वार्टरबॅकला आठ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आत आडवं पाडलं. आठ. काका म्हणाला, "पोरं तीच, फक्त आता ती विचार करत थांबत नाहीत." त्या अख्ख्या सीझनला दर मॅचला सरासरी तेराच्याही आत पॉइंट दिले ह्यांनी, देशात सगळ्यात कमी.

पण त्या रात्री मात्र ऑफेन्स परत रुसलं होतं. जेरेमाया स्मिथ, एवढं नावाजलेलं पहिल्या वर्षाचं पोरगं, त्याला टेक्ससनं अख्ख्या मॅचमध्ये एक कॅच घेऊ दिला, तीन यार्डाचा. केशरी हुडीवाला हे आम्हाला दर दहा मिनिटांनी सांगत होता आणि बरोबर सांगत होता, त्यांची डिफेन्सपण काही कमी नव्हती. तिसऱ्या क्वार्टरला चौदा-चौदा. चौथ्यात ओहायो स्टेटनं ८८ यार्डांची लांबलचक ड्राइव्ह केली, त्यात चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या चान्सला, दोन यार्ड हवे असताना क्वार्टरबॅक विल हॉवर्ड स्वतः चेंडू घेऊन अठरा यार्ड पळाला, शेवटी शेवटी धडपडला नसता तर आतच गेला असता, आणि मग जडकिन्सनं एक यार्डावरून टचडाऊन केला. एकवीस-चौदा, सात मिनिटं शिल्लक.

इथून पुढचं सांगायला म्हणून खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

टेक्ससनं चेंडू आणला आणला आणला, त्यात आमच्याच पोरांनी पास येताना ओढाओढी केली म्हणून लागोपाठ दोन पेनल्टी, आणि चेंडू येऊन पडला शेवटच्या रेषेपासून एक यार्डावर. चार चान्स. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, चार प्रयत्नांत तेवढं अंतर कापायचं असतं. एक यार्ड म्हणजे आपला एक वार. नऊवारीतला एक वार! तेवढंच जायचंय, चार वेळा मिळणार, आणि पोरं शंभर-दीडशे किलोची. कुणीही म्हणेल गेलेच. खोलीत कुणी काही खात नव्हतं. काकानं हाडं मधे ओढली, अगदी सेलरीला चिकटवून.

पहिला चान्स. पलीकडून आवाज आला, एकच, बारका, 'हां' असा. म्हणजे अडवलं. मग आमच्याकडं दिसलं, सरळ मधून घुसायला बघितलं, मधल्या जाड्यांनी जागा सोडलीच नाही, एक इंचही नाही.

दुसऱ्याला पलीकडं मोठा आवाज. काका म्हणाला, "मागं ढकललाय." आणि खरंच. टेक्ससनं चेंडू बाजूला टाकला, गडी आडवा पळाला, आणि डिफेन्सची पोरं त्याच्याआधी तिथं. सात यार्ड मागं. एकावरून आठावर. तिसऱ्याला आवाज आखूड, पास खाली पडला.

आता चौथा. कबड्डीवाल्यांना सांगतो, ही तिसरी चढाई समजा, दोन रिकाम्या गेल्यात, आता गुण आणला नाही तर बाद. आमच्या टीव्हीवर टेक्ससवाले अजून जमतच होते. आणि पलीकडं आवाज सुरू झाला.

आता गंमत बघा. डिफेन्सनं अडवलं की लोक एकदा ओरडतात, टाळ्या, संपलं. टचडाऊन गेला की शांतता किंवा शिव्या. हा आवाज संपेचना. तो सुरू झाला आणि वाढतच चालला, मधे पाय आपटायला लागले, आमच्या भिंतीवरचा फोटो हलला, कुणीतरी बाई नुसतीच "गो गो गो" करत होती. आणि कोच काका खुर्चीतून अर्धवट उठून, हातातलं हाड तसंच धरून म्हणाला, "ते पळतायत. आपण पळतोय." मग माझ्या पोरीकडं बघून, "लाईन बघ. चेंडू बघू नको."

तर आम्ही आठ-दहा माणसं, काहीतरी मोठं झालंय एवढंच माहीत, काय ते माहीत नाही, सगळे टीव्हीच्या पुढ्यात वाकून लाईन बघतोय. पुढच्या हॉलमधल्या पन्नास माणसांनी चेंडू बघितला असणार. आम्ही ३३ नंबर बघितला. सॉयर बाहेरून वळसा घालून येतो, त्याच्यासमोरचा टेक्ससचा गडी त्याला हातानं लांब ठेवायला बघतोय, क्वार्टरबॅक युअर्स पाठमोरा, आणि सॉयरचा हात जातो तो माणसावर नाही, चेंडूवर. चेंडू सुटतो, टप्पा पडतो आणि येतो कुणाकडं तर त्याच्याचकडं. मग तो पळायला लागला. एवढं धूड, चौथ्या क्वार्टरच्या शेवटी, ८३ यार्ड. पळताना त्याचे पाय जड होत गेलेले दिसत होते, शेवटचे वीस यार्ड तर मीच धापा टाकत होतो. अठ्ठावीस-चौदा. दोन मिनिटं आणि तेरा सेकंद बाकी. नंतर डाऊन्सनं पास अडवून घेतला आणि मिटलंच सगळं.

आणि पोरगी मला दंडाला धरून हलवत ओरडतीय, "बाबा, ते रूममेट होते! बाबा, रूममेट!" मला आधी कळेना. तर क्विन युअर्स, टेक्ससचा क्वार्टरबॅक, तो २०२१ ला इथंच होता, ओहायो स्टेटला, मग टेक्ससला गेला. आणि इथं होता तेव्हा ह्याच सॉयरच्या खोलीत राहायचा. सॉयर इथलाच, पिकरिंग्टनचा, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. एका खोलीत राहिलेल्या पोरानं बरोबर त्या क्षणाला त्याच्याच हातातला चेंडू उडवला. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, हे जरा जास्तच झालं.

मॅच संपल्यावर जे झालं त्याच्यासाठी दोन स्टार. कुणी उठलंच नाही. एक तास तरी त्या एका वारावर चर्चा. टीव्हीवर रिप्ले लागला की सगळे गप्प, मग परत हाडं-सेलरी. मुख्य वाद दुसऱ्या चान्सवर. काकाचं मत साधं, एक यार्ड पुढं जायचंय तर आडवं कशाला पळता, टेक्ससच्या सार्किसियन कोचची अक्कल गहाण पडली होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं केशरी हुडीवाला गप्प बसेल, पण त्यानं हाडं आपल्याकडं ओढून घेतली आणि म्हणाला, तुम्ही बघा, पहिल्या चान्सला मधे काय झालं? मधून वाट नव्हतीच. तुमचे चारही मधे दाटलेले, म्हणजे कडेला जागा होती. टाकायचा विचार चूक नव्हता. चूक ही की बाजूला टाकलेला चेंडू हातात पडून वळेपर्यंत एक सेकंद जातो, आणि तुमच्या मागच्या पोरांनी तो एक सेकंद दिला नाही. त्यानं रँचची वाटी उचलून थेट केचपच्या शेजारी ठेवली. "ही इथं पोचायलाच नको होती."

मला तो पटला. राग येऊ नये, मी लाल-करडाच आहे, पण कबड्डीत मधली साखळी घट्ट दिसली की चढाईवाला कोपऱ्याकडंच जातो, त्यात वेडेपणा काही नाही. फक्त समोरचा कोपरा झोपलेला असायला लागतो. मी तसं बोललो, मग कबड्डी म्हणजे काय हे सांगावं लागलं, मग टेबलावर उभं केलेलं मीठ आणि मिरपूड घेऊन मी त्यांना पकड दाखवली, आणि कोच काकानं मला विचारलं की श्वास कोण मोजतो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं तू खात का नाहीस काही, पोरीनं सांगितलं त्याचा आज देवाचा उपास आहे, आणि पुढच्या मिनिटाला माझ्यापुढं सगळ्या टेबलाची सेलरी गोळा झाली, टेक्ससची लाईनसुद्धा. ती मी खाल्ली नाही. तिला हाडं लागली होती.

एवढं छान चाललं असताना बिल आलं. सहाच्या वर माणसं असली की वीस टक्के टिप आपोआप लावतात, बारीक अक्षरात मेन्यूच्या मागं लिहिलंय. आम्ही दोघं. बाकीच्यांशी आमचं बिलही वेगळं. पण एका टेबलावर बसलो म्हणून आम्हाला त्यांच्यात मोजलं. मी म्हणालो, बाई, ह्या लोकांना मी तीन तासांपूर्वी ओळखतही नव्हतो. ती म्हणाली, तुम्ही त्यांची सेलरी खाल्लीत. ह्याच्यावर बोलणार काय! दिले पैसे. पण हे बरोबर नाही, आणि पाणी दुसऱ्यांदा मागितलेलं आलंच नाही ते वेगळंच. गर्दी होती मान्य, दोनच पोरी सगळं बघत होत्या हेही मान्य, पण मग मालकानं असल्या रात्री अजून दोन माणसं ठेवावीत.

बाहेर पार्किंगमध्ये लोक गाड्यांतून मान काढून "ओ-एच" ओरडत होते, आणि हे ओरडलं की समोरच्यानं "आय-ओ" म्हणायचं असतं, म्हणजे मिळून ओहायो. पोरगी दर गाडीला उत्तर देत होती. घरी येईपर्यंत घसा बसला तिचा.

पार्किंगवरून आठवलं, मागच्या गल्लीत लावू नका, लाँड्रीवाल्याची जागा आहे आणि तो गाडी उचलून नेतो. पुढं लावा, जरा चालावं लागेल.

मग २० जानेवारी, सोमवार, फायनल, नोत्र दाम विरुद्ध, अटलांटाला. ह्या वेळी एकादशी वगैरे काही नव्हतं, हात मोकळे. मागची खोली फोन करून धरून ठेवली. कोच काका होता, आमच्यासाठी दोन खुर्च्या अडवून बसला होता. केशरी हुडीवालापण आला, साध्या निळ्या शर्टात. चौतीस-तेवीस, जिंकलो, पण ती मॅच ऑफेन्सची, पहिला अर्धा भाग तर एकतर्फीच, त्यामुळं हाडं फारशी मांडली गेली नाहीत. मॅनेजर स्वतः आत आला आणि रिमोट दाखवत म्हणाला, बघा, तुमच्या सांगण्यावरून केबल टाकली, आता पुढं आणि मागं एकाच वेळी. मी थँक्यू म्हणालो. कोच काकानं माझ्याकडं असं बघितलं की जणू त्याच्या घरातलं काहीतरी मी विकून आलो.

टीव्ही सुधारलाय. तेल तेच आहे, विचारलं मी.